शाबदान बातीर : पन्नास मिनिटांत कसा सांगावा

किर्गिझस्तान म्हटलं की आपल्याकडच्या श्रोत्यांना एकच गोष्ट सुचते, एमबीबीएस. सभागृह भरलेलं असेल तर कुणाच्या तरी घरचं किंवा शेजारचं पोर बिश्केकला शिकत असतंच. माझी भाचीही तिथूनच डॉक्टर होऊन आली. बिश्केकच्या पूर्व भागात शाबदान बातीर नावाचा रस्ता आहे. हा कोण, असं मी तिला सहज विचारलं आणि तिला सांगता येईना. तिथून मी या माणसाच्या मागे लागलो. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर व्याख्यानमालांमधून बोलायची सवय होतीच, त्यात हा विषय आला आणि टिकला. आता नवीन वक्ते विचारतात, सर, ज्याचं नावही कुणी ऐकलेलं नाही असा परमुलखातला माणूस तालुक्याच्या गावात उभा कसा करायचा? ते एकदाच नीट लिहून टाकतो.

आधी माणूस ओळखून घ्या. शाबदान जानताय उलू, म्हणजे जानतायचा मुलगा शाबदान. जन्म १८३९-४० च्या सुमाराचा, मृत्यू एप्रिल १९१२. सारीबागीश टोळीचा मानाप, म्हणजे वंशपरंपरेनं आलेला प्रमुख. बातीर ही लढवय्याला लोकांनी दिलेली पदवी. आयुष्याचा पूर्वार्ध घोड्यावर गेला, उत्तरार्ध दोन भांडणाऱ्यांच्या मध्ये बसून सल्ला देण्यात.

जन्मतारखेनं सुरुवात करू नका. तारीख ऐकली की मागच्या रांगेतले मोबाइल काढतात. सुरुवात जमिनीपासून करा. फळा मिळाला तर फळ्यावर, नाही तर हवेत बोटानं तीन गोष्टी काढा. डावीकडे चू नदीचं सपाट खोरं, त्यात आजचं बिश्केक, म्हणजे तेव्हाचं पिश्पेक. उजवीकडे इस्सिक-कुल सरोवर. दोघांना जोडणारी बोओमची अरुंद घळ. या घळीच्या उत्तरेला, डोंगरांच्या कुशीत चोंग-केमीनचं खोरं, बिश्केकपासून साधारण दीडशे किलोमीटर. हे शाबदानचं घर. तिथल्या एका गावाचं नावच आज शाबदान आहे. केमीनमध्ये ज्याचे घोडे चरतात त्याची नजर घळीवर असते, एवढं श्रोत्याला कळलं की निम्मं काम झालं.

मग चारा. हिवाळ्यात कळप खाली, उन्हाळ्यात वर डोंगरातल्या जायलूवर, म्हणजे उन्हाळी कुरणांवर. इथे एक उपमा द्या आणि एकच द्या. माण-फलटणकडचे धनगर मेंढरं घेऊन दसरा-दिवाळीनंतर कोकणात उतरतात, तेव्हा कुणाच्या रानात किती दिवस बसायचं यावरून जे बोलणं होतं, तेच बोलणं भाला हातात घेऊन होतंय असं समजा. श्रोते हसतात आणि त्यांना समजतं. त्यापुढे मात्र शाबदानला आपल्या कुठल्या सरदाराशेजारी बसवू नका. एकदा बसवलात की सभागृह त्या सरदाराबद्दल बोलायला लागतं आणि केमीन तिथेच राहतं.

नावांचा हिशेब ठेवा. किर्गिझ माणसाला वर सात पिढ्यांची नावं पाठ असावी लागतात. आपल्या श्रोत्यांना चार पुरे : आताके, काराबेक, जानताय, शाबदान. या चारांत आताकेचं नाव दोनदा घ्या. १७८५ मध्ये या पणजोबानं रशियाच्या कॅथरिन राणीकडे दूत पाठवले होते. तेव्हा त्या डोंगरांच्या आसपास रशियन सैन्य कुठे नव्हतं. दूरच्या मोठ्या सत्तेशी बोलणं ही घराण्याची जुनी चाल आहे, शाबदाननं ती शोधून काढलेली नाही. पुढे एक प्रश्न येणार आहे, त्याच्या उत्तराची ही पूर्वतयारी.

सत्ता तीन सांगा. फरगाण्याच्या खोऱ्यातून वर सरकलेलं कोकंदचं खानराज्य. त्यानं १८२५ मध्ये पिश्पेकला किल्ला बांधला, तोकमोकला ठाणं बसवलं आणि कळपांवर जकात घेऊ लागलं. पूर्वेला चीनचे चिंग बादशहा. उत्तरेकडून हळूहळू खाली येणारे रशियन. त्यांनी १८५४ मध्ये वेर्नीचा किल्ला उभारला, तेच आजचं अल्माटी. इंग्रजांना यात आणू नका. ‘ग्रेट गेम’, म्हणजे मध्य आशियासाठीची इंग्रज-रशियन चढाओढ, म्हणायचा मोह प्रत्येक वक्त्याला होतो, आणि तो शब्द उच्चारला की लोक शेवटपर्यंत इंग्रजांची वाट पाहत बसतात.

आता पहिला प्रसंग, १८४७. कझाकांचा केनेसारी, अबलाय खानाचा नातू, रशियनांविरुद्ध दहा वर्षं झगडून दक्षिणेकडे रेटला गेला होता. किर्गिझांनी आपल्याखाली यावं असं त्याचं म्हणणं. सारीबागीशांचा ओरमोन खान आणि शाबदानचा बाप जानताय यांनी ते मानलं नाही. लढाई झाली, केनेसारी पकडला गेला, मारला गेला, आणि त्याचं डोकं रशियनांकडे पोचवण्यात आलं. शाबदान तेव्हा सात-आठ वर्षांचा होता. ‘त्या कोवळ्या डोळ्यांनी हे पाहिलं’ असलं काही म्हणू नका, तो तिथे होता असं कुणी लिहून ठेवलेलं नाही. एवढंच सांगा की अशा घरात तो वाढला. आणि याच ठिकाणी, न चुकता, हेही सांगा की कझाकांना केनेसारी आजही स्वातंत्र्यवीर वाटतो. एकाचा वीर शेजारच्या खोऱ्यात लुटारू असू शकतो, हे श्रोत्यांनी इतक्या लवकर ऐकलं तर पुढचं सोपं जातं.

दुसरा प्रसंग १८५४-५५ चा. बुगू ही इस्सिक-कुलच्या बाजूची टोळी. तिच्याशी सारीबागीशांचं हाडवैर पेटलं, त्यात ओरमोन खान बुगूंच्या हातून मारला गेला. सूड येणार हे ठरलेलं. जानेवारी १८५५ मध्ये बुगूंच्या माणसानं ओम्स्कला जाऊन रशियाच्या झाराशी निष्ठेची शपथ घेतली. इथे थांबा, पाणी प्या, आणि विचारा : ही शपथ कुणाविरुद्ध होती? शपथ घेतली रशियनांपुढे, पण भीती होती सारीबागीशांची. माझ्या मते सगळं व्याख्यान या एका प्रश्नावर उभं आहे. त्या डोंगरांमधला जवळजवळ प्रत्येक करार शेजारच्या टोळीकडे पाहून झालेला आहे. साम्राज्य हे त्यातलं हत्यार. हे बसलं नाही तर शाबदान शेवटपर्यंत कोड्यासारखा वाटत राहतो.

तरुण शाबदानबद्दल बोलताना बारिम्ता टाळू नका. बारिम्ता म्हणजे दुसऱ्या टोळीचे घोडे हाकून आणणं. आपले वक्ते इथे लाजतात, नायक घोडे पळवतो हे कसं सांगायचं म्हणून. सरळ सांगा. जुनं येणं फिटत नसेल, खुनाची भरपाई मिळत नसेल, तर समोरच्याचा कळप उचलून आणायचा, म्हणजे तो बोलायला बसतो. त्यात धाडस लागतं, वाटा माहीत असाव्या लागतात, आणि कुठे थांबायचं तेही कळावं लागतं. शाबदाननं नाव कमावलं ते यात. पुढे सल्लागार म्हणून त्याचा शब्द का चालला याचं उत्तर मला इथेच सापडलं. कळप आणायची ज्याची ताकद सगळ्यांना माहीत आहे, त्याच्याच सांगण्यावरून कळप परत दिले जातात.

विशी-एकविशीत तो कोकंदच्या बाजूनं होता. १८६० मध्ये उझून-आगाचला रशियन आणि कोकंदी सैन्यं भिडली, त्यात तो कोकंदकडून उतरला होता. बाप जानताय मात्र रशियनांशी बोलणी धरून होता. श्रोत्यांना हे गमतीचं वाटतं, वाटू द्या. घरातली माणसं दोन्हीकडे असली की कुठलीही बाजू हरली तरी घर पूर्ण बुडत नाही. १८६२ मध्ये सोल्तो टोळीच्या बायतीकनं पिश्पेकचा कोकंदी अधिकारी रहमतुल्ला याला मारलं, मग किर्गिझ आणि रशियन मिळून किल्ल्यावर गेले, ऑक्टोबरमध्ये किल्ला पडला. चूच्या खोऱ्यातून कोकंद उठलं. पुढच्या काही वर्षांत शाबदान रशियनांच्या बाजूला दिसतो.

१८६७ हे वर्ष वक्ते घाईत ओलांडतात, तुम्ही ओलांडू नका. त्या वर्षी जानताय वारला आणि त्याच वर्षी रशियनांनी तुर्कस्तानचा नवा कारभार लावला. मानापांचा वंशपरंपरेचा अधिकार कागदावरून गेला. हजार-दोन हजार तंबूंचा एक विभाग, त्यावर तीन वर्षांसाठी निवडून आलेला प्रमुख, अशी नवी घडी बसली. म्हणजे शाबदान बापाच्या जागी आला तेव्हा कायद्यानं ती जागाच नव्हती. पुढची पंचेचाळीस वर्षं त्यानं जे वजन राखलं ते बहुतेक पदाशिवाय. अधिकार नसताना वजन कसं राखायचं, हा खरा विषय आहे, आणि मला तो त्याच्या लढायांपेक्षा जास्त ओढतो. नवे सत्ताधारी नारिनकडच्या, म्हणजे दक्षिणेच्या डोंगरांमधल्या, टोळ्यांना ओळखत नव्हते. १८६८ मध्ये तोकमोकचा रशियन अधिकारी झाग्र्याझ्स्की तिकडे गेला आणि तायलाकचा मुलगा ओस्मोन यानं त्याला धरून ठेवलं. त्याला सोडवण्यात शाबदानचा हात होता. अशा माणसाला बिनपदाचंही कुणी विसरत नाही.

आता १८७६. इथे सावकाश जा.

आदल्या वर्षी कोकंदमध्ये बंड पेटलं होतं. पोलोत खान नाव घेतलेल्या एका किर्गिझ माणसाच्या मागे हजारो लोक गेले. फेब्रुवारी १८७६ मध्ये रशियनांनी कोकंदचं राज्यच बुडवलं आणि फरगाणा प्रांत केला. दक्षिणेला आलायच्या डोंगरात मात्र लढा चालूच होता. त्या मुलखात कुर्मांजान दात्का या बाईचा शब्द चालत असे आणि तिचा मुलगा अब्दिल्दाबेक प्रत्यक्ष लढत होता. जनरल स्कोबेलेव आलायवर निघाला, तेव्हा शाबदान आपले जिगीत, म्हणजे घोडेस्वार, घेऊन त्याच्याबरोबर होता. त्याचं मुख्य काम बोलण्याचं होतं. आलायच्या किर्गिझांनी शस्त्रं ठेवावीत म्हणून तो मध्यस्थी करत राहिला. अब्दिल्दाबेक अफगाणिस्तानकडे निघून गेला, कुर्मांजाननं रशियनांशी जुळवून घेतलं.

पहिल्या रांगेतून प्रश्न येतो तो इथेच. व्याख्यान संपायची वाटही पाहत नाहीत. “म्हणजे हा फितूरच की हो!”

चिडू नका आणि वकिलीही करू नका. मी उलट तारखा वाचून दाखवतो. १८४७ मध्ये त्याच्या घरानं कझाक खानाचं मानलं नाही. १८६० मध्ये तो कोकंदकडून रशियनांशी लढला. १८७६ मध्ये रशियनांकडून कोकंदच्या उरलेल्या माणसांपुढे उभा राहिला. या तिन्ही वेळा किर्गिझ नावाचा एक देश, एक झेंडा, एक गादी होती का? नव्हती. होत्या त्या टोळ्या. सारीबागीशांचा माणूस आलायच्या माणसाला आपल्या देशाचा म्हणून ओळखतच नव्हता असं मी म्हणणार नाही, भाषा एक होती, मनासचं महाकाव्य एक होतं. पण निष्ठा केमीनची होती. मग कुर्मांजानकडे वळा. तिनंही शेवटी रशियनांशी जमवलं, १८९५ मध्ये ओशला तिच्या कामचीबेक या मुलाला फाशी दिलं तेव्हाही तिनं लोकांना उठू दिलं नाही, आणि आज किर्गिझस्तानच्या पन्नास सोमच्या नोटेवर तिचाच चेहरा आहे. प्रश्न विचारणाऱ्याला म्हणावं, तिला काय म्हणायचं ते ठरवा, तेच माप शाबदानला लावा. मात्र एक कबूल करा. शाबदाननं त्या चाकरीचा मोबदला घेतला. पदकं घेतली, हुद्दा घेतला. १८८३ मध्ये तिसऱ्या अलेक्झांडरच्या राज्याभिषेकाला तो मॉस्कोला गेला आणि त्याला झारच्या कॉसॅक सैन्यातला वोइस्कोवोय स्तार्शिना हा वरिष्ठ अधिकाऱ्याचा हुद्दा मिळाला. ते लपवलंत तर पुढचं सगळं संशयास्पद होतं.

मॉस्कोचं वर्णन एका मिनिटात आटपा. झगमगाट कुणालाही रंगवता येतो. वाचलेला वेळ सल्लागार शाबदानला द्या, कारण लढाई श्रोत्यांना आपोआप दिसते, सल्ला दिसत नाही. तो दिसेल असा सांगावा लागतो.

मी असा सांगतो. दोन टोळ्यांमधल्या घोडेचोऱ्या, जखमा, खून, मोडलेली लग्नं यांचे दावे वर्षानुवर्षं साचतात. मग दोन्हीकडचे बी, म्हणजे न्याय देणारे, एका कुरणावर जमतात. वेगवेगळ्या जिल्ह्यांचे, कधी कझाकही. रशियन अधिकारी बाजूला बसतो, त्याला निम्मं कळत नाही. एकेक दावा निघतो. खुनाला कून, म्हणजे रक्ताची भरपाई, ती जनावरांत. यांचे इतके घोडे, त्यांचे इतके, वजाबाकी करत करत शेवटी थोडंच देणं उरतं. पुरावा नसेल तर शपथ, आणि ती आरोपीनं घ्यायची नाही. त्याच्या नात्यातल्या, ज्याचा शब्द सगळे मानतात अशा माणसानं घ्यायची. तो शपथेला उभा राहिला नाही तर आरोपीचं खोटं आपोआप उघडं पडतं. श्रोते इथे पुढे सरकून बसतात, दर वेळी. अशा बैठकीत निकाल देणं एक आणि तो पाळायला लावणं वेगळं. शाबदानकडे लोक जात ते दुसऱ्यासाठी. त्याचे घोडेस्वार होते, रशियनांकडे त्याचा शब्द होता, आणि त्याच्या दारात आलेला उपाशी जात नसे.

त्या दाराबद्दलही बोला, पण आरती करू नका. मानापचं घर सतत पाहुण्यांनी भरलेलं असतं, मेंढ्या कापल्या जातात, घोडे भेट दिले जातात. ही जनावरं कुठून आली? लोकांकडूनच, वर्गणीच्या नावानं. देण्याची कीर्ती घेतल्याशिवाय होत नाही. त्याची स्तुती गाणाऱ्या कवींचंही तसंच. मूसा चागाताय उलू यानं त्याच्यासाठी लिहिलं, ओस्मोनाली सिदिकोव यानं १९१३ आणि १९१४ मध्ये उफाला किर्गिझांचे इतिहास छापले, त्यातल्या दुसऱ्याच्या नावातच शाबदानचं नाव गुंफलेलं आहे. या घराण्याच्या आश्रयानं लिहिलेलं आपण या घराण्याबद्दल वाचतोय, हे एका वाक्यात सांगून टाका. बखरी वाचणाऱ्या श्रोत्यांना जास्त सांगावं लागत नाही.

उतारवयात तो हजला जाऊन आला. केमीनमध्ये नव्या पद्धतीची शाळा काढली, जिथे पाठांतराबरोबर लिहिणं-वाचणं आणि हिशेब शिकवत. यातली शाळा मला महत्त्वाची वाटते. ज्याचा सगळा कारभार तोंडी चालला त्यानं म्हातारपणी अक्षरांवर पैसा घातला, कारण जमिनीचा प्रश्न आता कागदावर लढायचा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियातले शेतकरी सेमिरेच्येत, म्हणजे केमीन ज्यात होतं त्या वेर्नीच्या रशियन प्रांतात, मोठ्या संख्येनं आणून वसवले जाऊ लागले. पाण्याजवळची, हिवाळ्यात कळप ठेवायची जमीन मोजली गेली आणि ‘जादा’ ठरवून काढून घेतली गेली. राज्याभिषेकाला बोलावलेल्या माणसाच्या टोळीलाही त्यातून सूट नव्हती. हे सांगताना आवाज चढवायची गरज नाही.

एप्रिल १९१२ मध्ये तो गेला, आणि त्याचं आश, म्हणजे स्मरणभोजन, त्या वर्षीच्या शरदात झालं. किर्गिझ, कझाक, दूरदूरचे पाहुणे, तंबूंच्या रांगा, घोड्यांच्या शर्यती. वर्णन करायला सोपं, म्हणून वक्ते इथे थांबतात आणि टाळ्या घेतात. थांबू नका, चार वर्षं पुढे जा.

जून १९१६ मध्ये झारनं मध्य आशियातल्या माणसांना युद्धाच्या पिछाडीच्या कामावर नेण्याचा हुकूम काढला. जमीन गेलेलीच होती, आता माणसं मागितली. ऑगस्टमध्ये केमीन उठलं. पुढे होते शाबदानचे मुलगे. बोओमच्या घळीत रशियनांच्या बंदुका घेऊन जाणारा तांडा किर्गिझांनी पकडला. सुरुवातीला फळ्यावर काढलेली घळ ती हीच, म्हणून ती पुसू नका. शाबदानचा मुलगा मोकूश याला खान म्हणून उभं करण्यात आलं. मग रशियन फौजा आल्या, गावं जळाली, आणि लोक बर्फाच्या खिंडींतून चीनकडे पळाले. या पळापळीला किर्गिझ उर्कून म्हणतात. वाटेत किती मेले याचे आकडे तुम्हाला वेगवेगळे सापडतील. एकही वाचून दाखवू नका, कारण मग प्रश्नोत्तरं आकड्यांवरच जातात.

फितूर म्हणणारे गृहस्थ इथे पुन्हा हात वर करतात, या वेळी विचारायला : बापानं साथ दिली, मुलं उलटली, हे कसं? त्यांना ओम्स्कच्या शपथेची आठवण द्या. जोवर रशियन हे शेजाऱ्याविरुद्ध वापरायचं हत्यार होते तोवर बापाचा हिशेब बरोबर जुळत होता. तेच दारात येऊन जमीन नांगरू लागले तेव्हा हिशेबच वेगळा झाला. सोव्हिएत काळात मानाप म्हणजे वर्गशत्रू, त्यामुळे शाबदानचं नाव खाली गेलं, आणि देश स्वतंत्र झाल्यावर वर आलं. हे दोन वाक्यांत, आभारप्रदर्शनाच्या आधी.

राहिलं वेळेचं. हे सगळं पन्नास मिनिटांत बसतं, दिवे गेले नाहीत आणि अध्यक्षांचं प्रास्ताविक लांबलं नाही तर. लांबलं तर मॉस्को कापा, हज कापा, शर्यती कापा. ओम्स्कची शपथ आणि १८७६ कापू नका. आणि पाहुण्यांच्या यादीत कुणाचं पोर बिश्केकला असेल तर प्रश्न घ्यायच्या आधी त्यांच्याकडून रस्त्याचं नाव म्हणून घ्या, सगळं सभागृह त्यांच्याकडे वळून पाहतं.